पहिले बारा सेकंद

टोलेडोच्या उत्तर भागातले एकोणीस बार
माझ्याकडे होते, एकतीस वर्षं.
मंगळवारी सकाळी, खुर्च्या अजून टेबलांवर पालथ्या,
मी ज्यूकबॉक्सचं पोट उघडायचो,
नाण्यांची पेटी रिकामी करायचो, सुई पुसायचो
आणि एकेक तबकडी लावून बघायचो. बारा सेकंद.
आवाज ठीक? पुढची.

म्हणून ताटातुटीची सगळी गाणी
मला सुरुवातीपुरतीच येतात.
दार लागतं. गिटार. तो म्हणतो, काल रात्री...
आणि मी बटण दाबतो.

अठ्ठावन्न साली माणसं व्हायोलिनांसकट सोडून जायची,
मागे उसासे टाकायला तीन बायका पगारी उभ्या.
सदुसष्टात एक आली, तिच्या पाठीशी ट्रम्पेट.
ती रडत नव्हती, हिशोब मागत होती.
त्र्याहत्तरात जो तो पियानोपाशी एकटा
आणि स्वतःचीच समजूत घालतोय.
पुढे यंत्राचा ठोका आला, थंडगार, चुकत नसे कधी.
त्यावर लोक विसरल्याचं सांगत नाचायचे.
हे सगळं बारा सेकंदांवरून सांगतोय,
चूकभूल द्यावी घ्यावी.

कुठलं गाणं जास्त वाजलं ते मात्र
ऐकावं लागत नाही. खाचा राखाडी पडतात,
चाकोरीतून रोज गाडी गेल्यासारख्या.
ब्रोन्याच्या बारमध्ये, ऐंशीच्या हिवाळ्यात,
के-सात सहा आठवड्यांत राखाडी झालं.
नवी तबकडी घातली. तीही गेली.
मी म्हटलं, ब्रोन्या, एवढ्यांच्या बायका
एकदम निघून कुठे गेल्या?
ती ग्लास उजेडात धरून बघत होती.
म्हणाली, बायका घरीच आहेत.
गिअरचा कारखाना गेला.
त्याच्यावर कोण गाणं करतंय, काझ?
माणूस आहे त्या गाण्यातच आपलं रडून घेतो.

लॉटी गेली चौऱ्याऐंशीत, मार्चमध्ये.
चुलीवर कांदा परतायला टाकलेला, तो मीच बंद केला.
दारात उभी राहून ती बराच वेळ बोलत होती,
हातमोजे घालत, काढत, परत घालत.
"काझिमिर, मला वाटतं..."
एवढं आठवतं.

मग तबकड्या गेल्या, चकत्या आल्या, त्याही गेल्या.
कंपनीने यंत्रं भंगारात काढली तेव्हा
ब्रोन्याचं मी घरी आणलं, तळघरात,
वॉशिंग मशीनच्या शेजारी.
कापड टाकून ठेवलं होतं.

या नोव्हेंबरात नात आली, टेस,
लॉटीचीच हनुवटी घेऊन.
मुलगा कोण होता ते मी विचारलं नाही.
फोनमध्ये तिने अशा वेळची गाणी साठवलीयत, एकशे चाळीस,
आवडलं नाही की अंगठ्याने पुढे ढकलते.
मी बघत होतो. अगदी मंगळवारचा मी.
कापड काढलं. म्हटलं, हे बघ, के-सात.

सुई टेकली. खरखर. दार लागलं. गिटार.
माझं बोट सवयीने बटणावर गेलं.
टेसने मनगट धरलं माझं.
आजोबा, थांबा ना.

दोन मिनिटं बेचाळीस सेकंद.
पहिल्या कडव्यात तो तिला बोल लावतो,
दुसऱ्यात तिच्या आईला आणि पावसाला.
तिसऱ्यात वाद्यं सगळी गप्प होतात, एक ड्रम सोडून,
आणि तो म्हणतो की ती सांगत होती
तेव्हा तो तिथेच बसला होता, बूट घालत.

हे तिथे होतं. इतकी वर्षं. एकोणीस बारमध्ये.

सुई आतल्या रिंगणात घासत राहिली,
मग हात उचलला गेला, तबकडी जागेवर गेली.
टेस म्हणाली, परत?

यंत्राची किल्ली माझ्या खिशात होती.
नाण्याची गरज नव्हती.
मी वर जाऊन कोटात शोधलं,
नाणं घेऊन खाली आलो
आणि टाकलं.